मेंदूचा चितारी : सांतियागो रामोन इ काहाल



जीवशास्त्राच्या पुस्तकात चेतापेशीची आकृती असते. एका बाजूला झाडाच्या फांद्यांसारखे फाटे, मध्ये पेशीचे शरीर आणि त्यातून निघालेला एक लांब तंतू. परीक्षेत ही आकृती हमखास येते म्हणून मुले ती घोटून घोटून काढतात, नावे देतात आणि गुण मिळवतात. (आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. तेथे तिला तंत्रिका कोशिका म्हणत. चेतापेशी हा शब्द आम्हाला शिक्षक झाल्यावर शिकावा लागला.) ही पेशी सुटी असते, शेजारच्या पेशीत मिसळून गेलेली नसते, हे आज आपण सहज लिहून मोकळे होतो. सुमारे १४० वर्षांपूर्वी मात्र युरोपातील मोठमोठे प्राध्यापक हे मानायला तयार नव्हते. ज्यांनी हे दाखवून दिले, आणि माणूस काही शिकतो तेव्हा त्याच्या मेंदूत काय बदलत असावे याचा अंदाजही ज्यांनी बांधला, त्या स्पॅनिश डॉक्टरांची ही हकीकत आहे. शाळेत असताना त्यांची गणना वाया गेलेल्या मुलांत होत असे.

स्पेनच्या उत्तरेला आरागॉन नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या पोटात पेतिल्या नावाचे एक खेडे आहे. ते चारी बाजूंनी आरागॉनने वेढलेले असूनही सरकारदप्तरी शेजारच्या नाव्हारा प्रांतात मोडते. सीमेचे असे घोळ फक्त आपल्याकडेच आहेत असे नाही! या खेड्यात १ मे १८५२ रोजी सांतियागोचा जन्म झाला. स्पेनमध्ये मुलाच्या नावापुढे वडिलांचे आणि आईचे अशी दोन्ही आडनावे लावतात. रामोन हे वडिलांचे, काहाल हे आईचे आणि मधला इ म्हणजे आणि. जग त्यांना आईच्या आडनावाने ओळखते.

वडील डोन हुस्तो गरिबीतून वर आलेले. न्हावीकाम आणि मलमपट्टी करणाऱ्या एका वैद्याच्या हाताखाली उमेदवारी करीत ते शिकले आणि पुढे जिद्दीने पूर्ण डॉक्टर झाले. अशा माणसाला वेळ फुकट घालवणे म्हणजे पाप वाटते. सांतियागो लहान असतानाच त्यांनी त्याला गावाबाहेरच्या, धनगरांनी सोडून दिलेल्या एका गुहेत नेऊन फ्रेंच व्याकरण शिकवले. घरी कामाचा व्यत्यय होतो म्हणून गुहा. ही फ्रेंच भाषा पुढे कुठे उपयोगी पडली ते योग्य ठिकाणी सांगू.

मुलाला मात्र वेड होते चित्रांचे. कागद, भिंत, दार, जे समोर येईल त्यावर तो काढीत असे. वडिलांच्या मते चित्रकला म्हणजे उपासमारीचा धंदा. तरी एकदा तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा असे त्यांना वाटले. आयेर्बे गावात तेव्हा ते राहत होते आणि तेथे चर्चच्या भिंती रंगवायला एक रंगारी आला होता. एका संताचे मुलाने काढलेले चित्र त्याच्यापुढे ठेवण्यात आले. रंगाऱ्याने मान हलवली : या मुलात काही दम नाही. भिंतीला सफेदी करणाऱ्याचा हा निकाल वडिलांनी शिरोधार्य मानला आणि घरातले रंग, कागद, पेन्सिली जप्त झाल्या.

पुढची पायरी हाका गावच्या पाद्र्यांच्या शाळेची. तेथे लॅटिन भाषा पाठांतराने आणि छडीने शिकवीत. सांतियागोची स्मरणशक्ती शब्दांच्या बाबतीत दुबळी होती. जे समजले नाही, डोळ्यांपुढे उभे राहिले नाही, ते त्याच्या डोक्यात टिकत नसे. मग मार, कोंडून ठेवणे, उपाशी ठेवणे हे ओघाने आलेच. त्यात भर त्याच्या उपद्व्यापांची. अकरा वर्षांचा असताना त्याने लाकडाची तोफ बनवली, तिच्यात दारू आणि दगड ठासले आणि शेजाऱ्याच्या नव्या फाटकावर नेम धरून उडवली. फाटकाला भगदाड पडले आणि तोफखान्याचे सेनापती काही दिवस गावच्या तुरुंगात जाऊन बसले. वडिलांनी सोडवण्याची घाई केली नाही. शिक्षेचाच भाग म्हणून आधी न्हाव्याकडे आणि मग चांभाराकडे त्याला कामाला ठेवले. जोडे शिवण्यात पोराने चांगला हात बसवला, एवढेच त्या काळात कौतुक झाले असेल.

आमच्या नोकरीच्या वर्षांत असा मुलगा आम्ही अनेक वेळा पाहिला आहे. तोफ सोडून. वहीच्या मागच्या पानावर तो अप्रतिम घोडा काढतो आणि पुढच्या पानावर पाढा चुकतो. प्रगतिपुस्तकात आम्ही त्याच्याविषयी काय लिहितो, हे या पत्रिकेच्या वाचकांना ठाऊक आहे.

बदल घडला तो १८६८ च्या उन्हाळ्यात, तोही विचित्र जागी. मुलाला शरीररचना शिकवायची असे वडिलांनी ठरवले. पण शिकवायला हाडे हवीत. रात्री चांदण्यात बापलेक कुंपणावरून चढून जुन्या स्मशानभूमीत गेले आणि उघड्यावर पडलेली माणसाची हाडे वेचून घरी घेऊन आले. सोळा वर्षांच्या त्या मुलापुढे हाडांचा ढीग आला तेव्हा पहिल्यांदाच अभ्यास ही चित्र काढण्याची गोष्ट झाली. प्रत्येक हाड हातात घ्यायचे, फिरवून पाहायचे, कागदावर उतरवायचे. कोणता खळगा कशासाठी, कोणत्या छिद्रातून कोणती शीर जाते, हे त्याला एकदा काढले की पाठ होत असे. वडिलांचा रागही तेथेच विरघळला. पुढे दोघे सारागोसाच्या वैद्यकीय शाळेत शेजारी शेजारी शवविच्छेदन करीत. मुलाने रंगवलेल्या पाट्यांचा शरीररचनेचा ग्रंथ छापावा असे वडिलांना वाटू लागले. ग्रंथ काही छापला गेला नाही, पण ज्या माणसाने पेन्सिली जप्त केल्या होत्या त्याच माणसाला तो छापावासा वाटत होता.

येथे थोडे विषयांतर करतो. गेल्या वर्षीच्या पालक सभेत वरच्या वर्गांचे चित्रकलेचे तास गणिताला द्यावेत अशी सूचना आली होती. सूचना सद्हेतूने केलेली होती आणि विश्वस्त मंडळापुढे ती विचारार्थ आहे. आमचे मत आम्ही बैठकीत मांडले आहे. हे चरित्र याच अंकात द्यावे असे आम्हाला का वाटले, ते विश्वस्तांच्या लक्षात आले असेलच.

१८७३ साली सांतियागो डॉक्टर झाले. (आता त्यांना अहोजाहो करायला हरकत नाही.) लगेच सैन्यात भरती झाली आणि १८७४ मध्ये क्युबाला रवानगी. क्युबा तेव्हा स्पेनची वसाहत होती आणि तेथे बंड चालू होते. दलदलीतल्या लष्करी इस्पितळात गोळीपेक्षा मलेरियाने जास्त माणसे मरत. रोग्यांच्या शिध्यात चोरी होत होती, तिच्याविरुद्ध हे तरुण डॉक्टर वरिष्ठांशी भांडत राहिले. स्वतःही मलेरिया आणि आमांशाने पोखरले गेले आणि १८७५ मध्ये हाडांचा सापळा होऊन परतले. क्युबाच्या नोकरीतले जे पैसे शिल्लक राहिले त्यांतून त्यांनी पुढे स्वतःचे सूक्ष्मदर्शक यंत्र घेतले आणि घराच्या माळ्यावर प्रयोगशाळा थाटली. त्यानंतर क्षयाने गाठले, रक्ताच्या गुळण्या झाल्या, डोंगरातल्या हवेत महिनोन्महिने पडून राहावे लागले. १८७९ साली सिल्व्हेरिया फान्यानास यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एवढ्या तुटपुंज्या पगारात आणि अशा तब्येतीत लग्न म्हणजे वेडेपणा, असे मित्रांचे म्हणणे होते. त्यांना सात मुले झाली. काहालांची चरित्रे लिहिणारे या बाईंवर एखादा परिच्छेद खर्च करतात. आम्हाला ते कमी वाटते, कारण पुढे जे छपाईचे आणि रसायनांचे खर्च आले ते अखेर या बाईंच्या घरखर्चातूनच निघाले.

१८८४ पासून ते वॅलेन्सियात शरीररचनेचे प्राध्यापक होते. १८८५ मध्ये तेथे पटकीची साथ आली. साथीच्या जंतूंवर त्यांनी केलेल्या कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक मंडळाने त्यांना त्झाइस कंपनीचे उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिले. आता यंत्राच्या बाबतीत ते जर्मन प्राध्यापकांच्या बरोबरीला आले. पाहायचे काय, एवढाच प्रश्न होता.

तो प्रश्न नीट समजून घेऊ. मेंदूचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर काय दिसते? पिंजून दाबून बसवलेल्या कापसासारखा गुंता. कोणता धागा कोणत्या पेशीचा, तो कुठे सुरू होतो, कुठे संपतो, काही कळत नाही. त्यामुळे त्या काळच्या बहुतेक विद्वानांचे मत असे की मेंदू म्हणजे एक अखंड जाळे आहे. नळाच्या पाइपांसारखे सगळे धागे एकमेकांत जोडलेले आहेत आणि संदेश त्यातून कुठूनही कुठेही वाहतो. शरीराचे बाकी सगळे अवयव सुट्या पेशींचे बनलेले आहेत, मेंदू तेवढा अपवाद.

इटलीत कामिल्लो गॉल्जी नावाचे डॉक्टर होते. १८७३ साली, एका लहान गावच्या इस्पितळात नोकरी करताना, तेथल्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा करून त्यांनी एक युक्ती शोधली. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायचा आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये. असे केले की शेकडो पेशींतली एखादीच रंगते, पण जी रंगते ती टोकापासून टोकापर्यंत काळीभोर होते. पिवळ्या काचेवर शाईने काढल्यासारखी एकच पेशी उठून दिसते. युक्ती लहरी होती, कधी साधे, कधी फसे, म्हणून चौदा वर्षे तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. खुद्द गॉल्जीही अखंड जाळ्याच्याच पक्षाचे होते.

१८८७ साली माद्रिदमध्ये डॉ. लुइस सिमारो यांच्या घरी काहालांनी असा एक काप पाहिला आणि त्यानंतर त्यांना दुसरे काही सुचेना. त्याच वर्षी ते बार्सिलोनाला बदलून गेले. त्यांनी युक्तीत दोन सुधारणा केल्या. पहिली, रंगवण्याची क्रिया एकदा करून न थांबता पुन्हा करायची. दुसरी खरी हुशारीची. प्रौढ मेंदूतल्या पुष्कळ तंतूंवर चरबीचे वेष्टण असते, तेथे चांदीचा रंग बसत नाही. मग ज्यांच्या तंतूंवर हे वेष्टण चढलेलेच नाही असे मेंदू का घेऊ नयेत? म्हणून त्यांनी अंड्यातल्या पिलांचे आणि नुकत्याच जन्मलेल्या प्राण्यांचे मेंदू घेतले. दाट रानात झाड ओळखू येत नसेल तर रोपवाटिकेत जाऊन पाहावे, तसे हे झाले.

१८८८ मध्ये पक्ष्यांच्या लहान मेंदूत त्यांना जे दिसले ते अगदी स्पष्ट होते. एका पेशीचा तंतू दुसऱ्या पेशीपर्यंत येतो, तिला टोपलीसारखा वेढा घालतो, अगदी खेटून बसतो आणि तेथेच संपतो. जाळे नाही. प्रत्येक पेशी सुटी आहे आणि संदेश स्पर्शाच्या जागी एकीकडून दुसरीकडे जातो. बुद्धिबळाचे त्यांना जबर व्यसन होते, ते त्यांनी या काळात सोडले. स्वतःच्या पैशाने एक त्रैमासिक काढले. त्याच्या पहिल्या अंकाच्या अवघ्या ६० प्रती मे १८८८ मध्ये निघाल्या. लेखक तेच, चित्रकार तेच, प्रकाशकही तेच. बहुतेक प्रती परदेशी विद्वानांना टपालाने गेल्या. उत्तर जवळपास आले नाही. स्पॅनिश भाषेतले विज्ञान त्या काळी जर्मनीत कोण वाचणार? आपल्या भाषेत काम करणाऱ्याला ही अडचण सगळीकडेच येते.

शेवटी ऑक्टोबर १८८९ मध्ये, पदरचे पैसे घालून, पेटीत काचपट्ट्या घेऊन ते बर्लिनला शरीररचनाशास्त्रज्ञांच्या परिषदेला गेले. भाषण करण्यावर त्यांनी भर दिला नाही. सूक्ष्मदर्शक मांडले, काप लावले आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला बोलावून पाहायला लावले. त्यांत अल्बर्ट फॉन क्योलिकर होते. वय ७२, या शास्त्रातले सर्वांत वजनदार नाव. त्यांनी डोळा लावला, पुन्हा लावला आणि आपले जुने मत सोडून दिले. एवढेच नव्हे, काहालांचे लेख मुळातून वाचता यावेत म्हणून त्या वयात ते स्पॅनिश शिकले. आम्हाला या सगळ्या हकीकतीत क्योलिकर यांच्याविषयी फार आदर वाटतो. दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, जर्मनीच्या वाल्डायर यांनी या सुट्या पेशीला न्यूरॉन हे नाव दिले आणि ते रूढ झाले.

आता आमच्या मूळ विषयाकडे येतो.

१८९४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने काहालांना मानाच्या क्रूनियन व्याख्यानासाठी बोलावले. इंग्रजी त्यांना बोलता येत नव्हते. व्याख्यान फ्रेंचमध्ये झाले, त्या गुहेत शिकलेल्या फ्रेंचमध्ये. तेथे त्यांनी एक कोडे मांडले. प्रौढ माणसाच्या मेंदूतील चेतापेशी वाढून दुप्पट होत नाहीत, हे त्या काळी सर्वमान्य होते. मग रियाज करणाऱ्याचा हात सुधारतो कसा? ज्याला काल जमत नव्हते त्याला आज जमते, त्याच्या मेंदूत नवीन काय आले? पेशी तर त्याच आहेत.

काहालांचे उत्तर त्यांच्या चित्रांतूनच आले होते. मेंदू अखंड जाळे असता तर पाइप आहेत तसेच राहिले असते. पण पेशी सुट्या असतील तर त्यांच्यामधले सांधे बदलू शकतात. १८९० मध्ये त्यांनी पिलांच्या मज्जारज्जूत वाढत्या तंतूच्या टोकाला एक मऊ शंकू पाहिला होता. वाट चाचपडत पुढे सरकणारा. मग मनाच्या व्यायामाने असेच फाटे वाढत असतील, जुने सांधे घट्ट होत असतील आणि नवे तयार होत असतील, असा अंदाज त्यांनी बांधला. इटलीच्या युजेनिओ तान्झी यांनी आदल्याच वर्षी काहीसा असाच विचार मांडला होता, हे सांगणे न्यायाचे होईल. या सांध्याला सिनॅप्स हे नाव १८९७ मध्ये मिळाले. ते इंग्लंडच्या शेरिंग्टन यांच्यामुळे. लंडनच्या मुक्कामात काहाल त्यांच्याच घरी उतरले होते.

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. मेलेल्या पेशीचे चित्र काढता येते, जिवंत पेशी शिकताना कशी बदलते हे चित्रात पकडता येत नव्हते. काहालांच्या हयातीत ते झाले नाही.

मानसन्मान मात्र भरपूर झाले आणि ते थोडक्यात सांगतो. १८९२ पासून माद्रिदला प्राध्यापक, १८९९ ते १९०४ या काळात मज्जासंस्थेवरचा महाग्रंथ, आणि १९०६ साली नोबेल पारितोषिक. गंमत अशी की ते गॉल्जी आणि काहाल यांना मिळून देण्यात आले. स्टॉकहोमला दोघे पहिल्यांदाच भेटले. ११ डिसेंबरला गॉल्जींचे व्याख्यान झाले, त्यात त्यांनी काहालांच्या सिद्धांतावर टीका केली आणि आपल्या जाळ्याचीच बाजू लावून धरली. दुसऱ्या दिवशी काहालांनी आपली निरीक्षणे मांडली. एकाच युक्तीने रंगवलेले काप पाहून दोन थोर माणसे दोन उलट निष्कर्षांना आली होती. १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दाखवली. ती मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी असते. तेव्हा हा वाद मिटला, पण तो मिटलेला पाहायला दोघेही नव्हते.

नोबेलनंतर काहाल थांबले नाहीत. १९१५ मध्ये दोमिंगो सान्चेस यांच्यासह त्यांनी कीटकांच्या डोळ्यांमागील चेतापेशींवर मोठे काम प्रसिद्ध केले. माशी, मधमाशी, चतुर यांच्यासारख्या प्राण्यांत मेंदूचा साधा नमुना मिळेल अशी अपेक्षा असते. त्यांना दिसले ते उलटे. त्या टाचणीएवढ्या जागेतली मांडणी इतकी बारीक आणि नेटकी होती की तिच्यापुढे आपली मोठ्या प्राण्यांची रचना त्यांना ओबडधोबड वाटली. तरीही लहान प्राण्यांत शोधावे हा त्यांचा मार्ग बरोबरच होता, हे पुढे कळेल.

एक गोष्ट मात्र त्यांच्या नावावर विनाकारण चिकटली. १९१३-१४ च्या ग्रंथात त्यांनी लिहिले की प्रौढ मेंदूत तुटलेले तंतू पुन्हा उगवून जोडले जात नाहीत. विधान जखमेविषयीचे होते. पण पुष्कळांनी त्याचा अर्थ असा घेतला की मोठ्या माणसाच्या मेंदूत काहीच बदलत नाही, आणि कित्येक दशके हीच समजूत चालली. ज्यांनी अभ्यासाने सांधे बदलतात असे १८९४ मध्येच सुचवले, त्यांच्याच नावाने ही समजूत चालावी, हे विचित्रच म्हणायचे.

१९२२ साली ते निवृत्त झाले. १९३० मध्ये सिल्व्हेरियाबाई गेल्या. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी काहाल वारले. त्यांनी काढलेली हजारो चित्रे शिल्लक आहेत. आजही मज्जाशास्त्राच्या पुस्तकांत ती छापली जातात, कारण फोटोत जे एकाच पातळीवर दिसते ते त्यांनी अनेक काप पाहून, मनात जुळवून एका कागदावर आणलेले असते.

आता राहिला तो पुरावा.

एरिक कँडेल हे व्हिएन्नात १९२९ साली जन्मलेले ज्यू डॉक्टर. नाझींच्या छळामुळे १९३९ मध्ये, लहानपणीच, अमेरिकेत आले. स्मरण म्हणजे काय हे त्यांना पेशीत पाहायचे होते. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, तेथे कुठे शोधणार? त्यांनी अ‍ॅप्लिसिया नावाची समुद्रातली गोगलगाय निवडली. डोक्यावर सशाच्या कानांसारखी दोन शिंगे असतात म्हणून तिला समुद्रससाही म्हणतात. तिच्या चेतापेशी अवघ्या २०,००० च्या आसपास, आणि त्यांतल्या काही एवढ्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात. सहकाऱ्यांनी सांगितले की गोगलगाईवर वेळ घालवू नका. १९६२ मध्ये कँडेल पॅरिसला गेले आणि हे काम शिकून घेतले.

या प्राण्याच्या पाठीवर श्वास घेण्याचा कल्ला असतो आणि पाणी बाहेर टाकणारी एक नळी. नळीला हलका स्पर्श केला की तो कल्ला आत ओढून घेतो, आपण डोळा मिटतो तसा. पुन्हा पुन्हा निरुपद्रवी स्पर्श केला की त्याला सवय होते आणि तो कल्ला ओढेनासा होतो. उलट शेपटीला विजेचा झटका दिला की तो सावध होतो आणि नंतरच्या साध्या स्पर्शालाही जोरात कल्ला ओढतो. एवढीच त्याची शाळा. पण हेही शिकणेच आहे, आणि यात भाग घेणाऱ्या पेशी मोजता येतात : नळीच्या कातडीतून खबर आणणाऱ्या २४ आणि कल्ला हलवणाऱ्या ६. त्याच पेशी प्रत्येक गोगलगाईत त्याच जागी सापडतात.

कँडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशींत सूक्ष्म तारा घालून पाहिले. सवय झाली तेव्हा खबर देणारी पेशी सांध्यावर कमी रसायन सोडत होती. झटक्यानंतर ती जास्त सोडत होती. पेशी त्याच, जोडण्या त्याच, सांध्याचे बळ मात्र बदललेले. विद्यार्थ्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. एकाच बैठकीत सलग ४० वेळा स्पर्श केला तर सवय साधारण एक दिवस टिकली. तेच ४० स्पर्श रोज १० असे चार दिवस दिले तर ती काही आठवडे टिकली. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांना गोगलगाईकडून मिळालेली ही माहिती आहे.

थोडा वेळ टिकणाऱ्या आठवणीत फक्त सांध्याचे बळ बदलते. दीर्घकाळ टिकणारी आठवण व्हायची तर पेशीला नवी प्रथिने बनवावी लागतात, असे त्यांना आढळले. मग १९८० च्या दशकात क्रेग बेली आणि मेरी चेन यांनी गोगलगाईच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सांध्यांची टोके मोजली. न शिकवलेल्या गोगलगाईत खबर आणणाऱ्या एका पेशीला सुमारे १३०० टोके होती. अनेक दिवस सावधपणाची शिकवणी दिलेल्या गोगलगाईत ती सुमारे २७०० झाली. ज्यांना दुर्लक्ष करायला शिकवले होते त्यांच्यात ती ८५० च्या आसपास उतरली. फाटे वाढतात, सांधे वाढतात, आणि कमीही होतात. काहालांनी लंडनमध्ये मांडलेला अंदाज नव्वद वर्षांनी आकड्यांत आला. कँडेल यांना २००० साली आणखी दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या गोगलगाईंना पुढे काही आठवडे काहीच शिकवले नाही, तेव्हा २७०० टोकांची संख्या ओसरत गेली. ती १५०० च्या जवळपास येऊन थांबली. पहिल्याइतकी ती झाली नाही.